अकराव्या चौकटीतलं वाक्य

माझं अक्षर तुम्ही नक्की वाचलेलं आहे. माझं नाव ठाऊक नसेल, ते सोडा. पण अकोल्याहून अकोटला एसटीने गेला असाल, बार्शीटाकळीच्या एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिला असाल, अमरावतीच्या एखाद्या कार्यालयात साहेबांची वाट पाहत बाकड्यावर बसला असाल, तर समोरच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत एक सुविचार आणि खाली उजव्या कोपऱ्यात लाल रंगात एका थोर माणसाचं नाव तुम्ही वाचलंच असणार. ते निळं आणि ते लाल माझं. मी पेंटर. पस्तीस वर्षं थोरामोठ्यांचे शब्द भिंतींवर लिहिण्यात गेली.

दिवाळी अंकासाठी काही लिहा, असं संपादकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी आधी विचारलं, "भिंत केवढी आहे?" ते हसले. पण हा प्रश्न गमतीचा नाही, आमच्या धंद्याचा पहिला प्रश्न तोच आहे. भिंत आधी आणि विचार नंतर. विचार कितीही उत्तुंग असो, खिडकी मध्ये आली की त्याला वाकावंच लागतं.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी भिंत घासायची, पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यायचे. ती वाळली की गेरूत भिजवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि मध्ये चिमटीत उचलून सोडायची. फट् आवाज येतो आणि भिंतीवर एक लाल सरळ रेघ उमटते. इतकी सरळ, की पाहून अंगावर काटा यावा! आजही येतो. मग खडूने अक्षरं मांडायची, मग खारीच्या केसांच्या ब्रशने ती भरायची, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, एका दमात, श्वास रोखून. मध्ये कोणी "पेंटर, चहा घेता का?" म्हटलं तर शिव्या द्याव्याशा वाटतात. मी दिलेल्याही आहेत.

या कामात मी शिकलो ते शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. पहिली गोष्ट अशी की, जिथे ज्याची टंचाई, तिथे त्याचं वाक्य भिंतीवर मोठं. अमरावतीतल्या एका कार्यालयात (कोणतं ते विचारू नका) साहेबांना वेळेचं महत्त्व सांगणारं वाक्य लिहून हवं होतं. मी सकाळी दहाला रंगकामाची लाकडी घोडी मांडून तयार. साहेब आले पाऊण वाजता. आल्या आल्या म्हणाले, "इथे, माझ्या समोरच्या भिंतीवर घ्या." ते आत फायली घेऊन बसले, तसा त्यांचा शिपाई हळूच माझ्याजवळ आला.

"पेंटर, थ्या भितीवर नका लिहू. सायबाच्या खुर्चीच्या मांगं लिहा."

"काहून?"

"समोर लिहलं त त्याईले रोज वाचा लागन. मांगं लिहलं त येनाऱ्याईनं वाचाव."

साहेबांना मी सांगितलं की समोरच्या भिंतीला ओल आहे. त्यांना ते लगेच पटलं. ते वाक्य अजून खुर्चीच्या मागेच आहे आणि त्या खोलीत बसणारा एकही साहेब त्याच्या तावडीत सापडलेला नाही.

दुसरी गोष्ट मला अमरावतीच्याच बाजारात एका टमाटेवाल्या बाईने शिकवली. तिच्या हातगाडीच्या फळीवर लिहून द्यायचं होतं, की टमाटे दाबून पाहू नका. मी सुरेख लिहून दिलं. आठवड्याने मी तिथून जात होतो तर तिने मला गाडीवरूनच हाक मारली.

"ओ पेंटर, तुमच्या लिहन्याचा काही उपेग नाही झाला. लोकं वाचतेत अन् दाबतेत."

"मग मी काय करू?"

"कोन्या मोठ्या मानसाचं नाव टाका ना खालतं. म्हना, थ्यानं सांगतलं हाय."

मी हसत हसत एका काल्पनिक महाराजांचं नाव टाकलं. नाव भारदस्त, माणूस जन्मालाच आलेला नाही. पुढच्या वेळी पाहतो तर लोक टमाटे डोळ्यांनी निवडत होते आणि बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. एक गृहस्थ तर तिला विचारत होते, या महाराजांचा मठ कुठे आहे म्हणून! मला तेव्हा फार गंमत वाटली. आज वाटते ती थोडी कमी.

कारण खरं सांगायचं तर नावांच्या बाबतीत मी तेवढा चोख राहिलो नाही. माझ्याकडे सुविचारांची एक वही होती. गिऱ्हाईक म्हणायचं, "पेंटर, तुमच्या मनानं लिहा कामाबद्दल काही," की मी वही उघडायचो. एकदा नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत त्या वहीवर टर्पेंटाइन सांडलं. वाक्यं निळ्या शाईची होती, ती कशीबशी राहिली. नावं मी हौसेने लाल शाईने लिहिली होती, ती सगळी पुसली गेली. दुसऱ्या दिवशी अर्धी भिंत बाकी आणि मुख्याध्यापक मागे उभे. मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. कडक वाक्य कडक दिसणाऱ्या थोर माणसाला दिलं, प्रेमळ वाक्य दाढीवाल्याला दिलं. कोणी काही बोललं नाही. आमच्या धंद्यात वाक्याला नाव लागतंच, चौकट भरावीच लागते, आणि गिऱ्हाईक अक्षराचं वळण पाहतं, बाकीचं पाहत नाही. या तीन गोष्टींच्या जोरावर मी कित्येक वर्षं बिनधास्त होतो.

आणि मग अकोटची ती जिनिंग आली!

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. लांबच लांब पत्र्याची शेड, एका ओळीत मशिनी, आणि प्रत्येक मशीनवर एक बाई उभी राहून हाताने कापूस घालते. खाली सरकी पडते, पुढून रुई निघते आणि ती ढिगाकडे जाते. आता बऱ्याच ठिकाणी कापूसही यंत्रच घालतं, पण या शेठचं जुन्या मशिनींवर प्रेम होतं. शेठ उत्साही माणूस. पांढरा झब्बा, खिशाला दोन पेनं, आणि भाषणाची भारी हौस. त्यांच्या कचेरीत एका थोर पुरुषाची तसबीर होती, तिला रोज ताजा हार. मी त्या थोर पुरुषाचं नाव इथे लिहिणार नाही. त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही, आणि मी त्यांना एकदा पुरेसा त्रास दिलेला आहे.

शेठना शेडच्या लांब भिंतीवर कामगारांसाठी सुविचार हवे होते. कष्ट, शिस्त, निष्ठा, सगळं. यादी त्यांनी स्वतः लिहून दिली, दहा वाक्यं. पण भिंतीत खांब होते आणि खांबांच्या मध्ये चौकटी पडत होत्या अकरा. हे मला नवव्या चौकटीला लक्षात आलं. शेठ बाहेरगावी, फोन लागेना, आणि दुसऱ्या दिवशी ते परत येऊन हंगामाची पूजा करणार होते. दहा चौकटी भरलेल्या आणि अकरावी रिकामी, म्हणजे हसताना दात पडलेला दिसावा तसं. वही उघडली, तर त्यात उरलेली सगळी वाक्यं कष्ट, शिस्त आणि निष्ठा यांचीच.

जेवणाच्या सुट्टीत मी मशीनवरच्या बायांसोबत डबा खायला बसलो. मशिनी सुरू होऊन आठवडा झाला होता. माझ्या शेजारी देवकाबाई होती, सगळ्यांत जुनी. माळ्याच्या घरची, घरचं वांग्याचं भरीत आणलेलं. ते तिने न विचारता माझ्या भाकरीवर घातलं. तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण होता. मी पाहतो आहे हे तिने पाहिलं.

"हे आधीच्या जिनिंगचं हाय," ती म्हणाली. "मले जयल्यावानी वास आला. म्या मुकादमाले सांगतलं. तो म्हने, वास येऊन राहिला म्हनून मशीन बंद कराव काय? दिसते काय कुठं आग? मंग म्या पुन्हा कापूस घालत राह्यली. अन् मंग एकदम दिसली."

"पण आधी दिसली कशी नाही?"

"कापसाची आग दिसत नाही, पेंटरभाऊ. एखांदा खडा येते कापसात, लोखंडावर घासते, ठिनगी पडते. थे रुईच्या आत जाऊन बसते. वरून ढीग पांढराशिप्पट, अन् आतून खाऊन राहिली. नाकालेच समजते फक्त." तिने बोटं चाटून पुसली. "माह्यं त म्हननं हाय, वास आला का आधी मशीन थांबवा, मंग इचारा. खोटं निंगालं त निंगालं. पन आमाले कोन थांबवू देते? थांबवली का मुकादम म्हनते, कोनं सांगतलं तुले?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. शेठच्या यादीतली दहा वाक्यं समोर भिंतीवर होती, सगळी माझ्याच हातची, आणि या बाईने भरीत खाता खाता जे म्हटलं ते दहांपेक्षा वजनदार होतं! मी डबा तसाच टाकून उठलो. दोरी मारली, खडूने मांडणी केली. 'शंका आली की आधी यंत्र थांबवा, मग विचारा.' एवढं सुंदर अक्षर माझ्या हातून क्वचित उतरलं असेल. शिरोरेघ ओढली तेव्हा मला घाम फुटला होता.

खाली नावाची जागा. देवकाबाईचं नाव टाकावं असं माझ्या मनात आलं का? आलं. अगदी क्षणभर आलं. पण शेठच्या भिंतीवर, दहा महापुरुषांच्या रांगेत, मशीनवर कापूस घालणाऱ्या बाईचं नाव कोण ठेवणार होतं? ब्रश लाल रंगात बुडवला आणि कचेरीतल्या तसबिरीतल्या थोर पुरुषाचं नाव लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पूजेला शेठ आले. एकेक चौकट वाचत अकराव्यापाशी थांबले. शेठनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "वा! हे वाक्य मी वाचलेलं आहे. कुठं बरं..." मी म्हणालो, "असेल शेठ, तुमचं वाचन दांडगं." मग त्यांनी सगळ्यांना जमवलं, ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं आणि जाहीर केलं, "आजपासून आपल्याकडे असंच होईल. शंका आली तर जो कोणी असेल त्यानं मशीन थांबवायची. त्याला कोणीही जाब विचारायचा नाही. हे माझे शब्द नाहीत, कोणाचे आहेत ते खाली लिहिलेलं आहे!"

मुकादमाने मान डोलावली. देवकाबाई गर्दीत मागे उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकू तर येत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मला कळलं नाही.

आणि काय सांगू, ते वाक्य चाललं! माझ्या आयुष्यात भिंतीवरच्या वाक्याप्रमाणे माणसं वागताना मी पहिल्यांदा पाहिली. त्या हंगामात मशिनी कितीतरी वेळा थांबल्या. पुष्कळदा काही निघालं नाही. एकदा मात्र एका पोरसवद्या बाईने बटण दाबलं, ढीग उकरला, तर आत पाटीएवढी रुई काळी पडून धुमसत होती. पाणी मारलं, संपलं. कोणाच्या हाताला काही झालं नाही. शेठनी हा किस्सा अकोल्यापर्यंत सगळ्यांना सांगितला आणि मला फोन यायला लागले. "पेंटर, ते अकरावं वाक्य आमच्याकडे पण लिहून द्या." तेलगिरणी, डाळमिल, लाकडाची वखार. मी गेलो आणि लिहिलं. लाल रंगात तेच नाव. त्या दिवसांत मी सायकलवरून असा हिंडायचो की जणू वाक्य मीच म्हटलं आहे.

पुढच्या हंगामाच्या पूजेला शेठनी अमरावतीहून एक निवृत्त प्राध्यापक पाहुणे म्हणून बोलावले. शेठच्या त्या थोर पुरुषाचा त्यांनी उभा जन्म अभ्यास केलेला. शेठनी त्यांना मोठ्या अभिमानाने अकराव्या चौकटीसमोर नेलं. मी त्या दिवशी तिथेच होतो, नव्या गेटवर नाव लिहीत होतो. थोड्या वेळाने माणूस धावत आला, शेठनी बोलावलंय.

प्राध्यापक उंच, सडसडीत, बोलणं मऊ. म्हणाले, "पेंटर, हे आपण कोणत्या ग्रंथातून घेतलं? मी त्यांचं सगळं वाचलेलं आहे. हे वाक्य त्यांचं नाही."

टर्पेंटाइनची गोष्ट इथे चालणार नव्हती. शेठचा चेहरा पडला होता. वर्षभर ज्यांना त्यांना सांगत फिरलेला माणूस तो.

"खोटं वाक्य माझ्या भिंतीवर?" शेठ म्हणाले. "तेही त्यांच्या नावावर? पेंटर, आत्ताच्या आत्ता पांढरा मार याच्यावर."

मी निमूटपणे घोडी आणली. मागे मशिनींचा आवाज सुरूच होता, पण जवळच्या बाया माना वळवून पाहत होत्या. मुकादम पुढे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मंग शेठ, आता थे थांबवाथांबवी बंद ना? खोटंच होतं त. येता जाता मशीन बंद करतेत बाया, माल निंगत नाही."

शेठ नाही म्हणाले नाहीत, एवढं मला दिसलं.

देवकाबाई मशीन सोडून माझ्या घोडीखाली आली. "पुसता काय, पेंटरभाऊ?"

"शेठनी सांगितलं."

"पुसा मंग." ती माझ्याकडे वर पाहत होती. तो व्रणाचा हात तिने दुसऱ्या हाताने धरला होता. "आता कोनाले वास आला त काय कराव थे बी लिहून जा."

त्यावेळी मला जी लाज वाटली ती मी कशी सांगू. मी ब्रश खाली ठेवला, घोडीवरून उतरलो आणि शेठसमोर उभा राहिलो. मी म्हणालो, "शेठ, नाव खोटं आहे. ती चूक माझी. वाक्य खोटं नाही. हे वाक्य या बाईचं आहे. मागच्या वर्षी इथेच बसून जेवताना तिने म्हटलं, मी फक्त शुद्ध करून लिहिलं. हात बघा तिचा, म्हणजे कळेल कुठून आलं ते."

"हिचं?" शेठ म्हणाले.

प्राध्यापक देवकाबाईकडे वळले, चष्मा पुसून परत लावला आणि अगदी हळू म्हणाले, "मग शेठ, नाव बदला. वाक्य कशाला पुसता?"

तेवढ्यात देवकाबाईच म्हणाली, "नको जी. माह्यं नाव टाकसान त मुकादम ऐकन काय? थे मोठं नाव होतं म्हनून आमी बटन दाबत होतो. राहू द्या थेच. देवाघरी गेलेल्या मानसाले काय फरक पडते?"

मला टमाटेवाली आठवली आणि हसू आलं नाही. आणि प्राध्यापकांनी खोटं नाव राहू द्या म्हणावं तरी कसं?

आणि तेव्हा देवकाबाईने मान वर केली. मी नाकाने पुष्कळ ओढून पाहिलं, मला फक्त माझ्या रंगाचा वास येत होता. ती मात्र वळली, आम्हांला कोणाला काही न सांगता झपाझप पाचव्या मशीनकडे गेली आणि तिने बटण दाबलं. मशीन घरघरत थांबली. मग तिच्या शेजारची थांबवली, मग पलीकडची.

मुकादम ओरडला, "ए देवका! कोनं सांगतलं तुले?"

देवकाबाईने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्या सांगतलं," ती म्हणाली.

बाकीच्या बायांनीही आपापल्या मशिनींची बटणं दाबली. मग बाया धावल्या, ढीग उकरायला लागल्या. मीही गेलो, झब्ब्याच्या बाह्या सारून शेठही आले. सगळा ढीग खालीवर केला. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. रुई पांढरी, थंड, स्वच्छ. काही म्हणजे काही निघालं नाही.

मुकादम कमरेवर हात ठेवून शेठकडे पाहत राहिला. सगळ्या बाया शेठकडे पाहत राहिल्या. देवकाबाई रुईने माखली होती, केसांत, भुवयांवर, सगळीकडे. तिने खाली पाहिलं नाही.

"काही नाही सापडलं?" शेठनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पन वास आल्ता."

शेठनी हातावरची रुई झटकली. "ठीक आहे. उद्या आला तर उद्याही थांबव." मग मुकादमाकडे वळले. "आणि तू कोणालाही जाब विचारायचा नाही. नाव कोणाचंही असो. ऐकलं?"

"हो जी," मुकादम म्हणाला.

"पेंटर, पाहतो काय? ते नाव काढ आणि हिचं टाक. देवकाबाई."

मला नाचावंसं वाटलं! घोडीवर चढलो, थोर पुरुषाच्या नावावर पांढरा हात मारला, मनातल्या मनात त्यांची माफी मागितली आणि लाल डबा उघडला. पहिलं अक्षर खडूने मांडलं तर खालून देवकाबाई म्हणाली, "पेंटरभाऊ, नुसतं देवकाबाई नका लिहू."

"मग?"

"बाकीच्याईचं पूरं नाव हाय ना? माह्यं बी पूरं लिहा. देवका श्रीराम वानखडे."

शेठनी चमकून पाहिलं. बारा हंगाम ती त्यांच्याकडे होती, पूर्ण नाव त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं बहुधा. नाव लांब होतं, जागा कमी. मी खडू पुसून पुन्हा मांडलं, कोपऱ्यापासून थोडं अलीकडे सुरू केलं. पण बाकी दहा नावांपेक्षा अक्षर कणभरही बारीक येऊ दिलं नाही.

बाकीच्या ठिकाणची चूक मला नंतर फिरून फिरून निस्तरावी लागली. तेलगिरणीवाल्याने नाव बदलू दिलं. डाळमिलवाला म्हणाला, "हे देवका वानखडे कोन? आमी काहून लिहाव?" तिथे अजून खोटंच नाव आहे आणि त्या बाजूने जाताना मी मान खाली घालतो. वखारीने तर भिंतच फ्लेक्सने झाकून टाकली. फ्लेक्सबद्दल मी इथे काही बोलणार नाही, अंक घराघरांत जातो. त्या वहीतल्या वाक्यांना मी अंदाजाने दिलेली सगळी नावं तपासून घेतली, त्याच प्राध्यापकांकडे अमरावतीला चार रविवार जाऊन. निम्मी चूक निघाली.

त्या दिवशी मात्र मला असलं काही सुचत नव्हतं. मी शिरोरेघ ओढली, घोडीवरून उतरलो आणि मागे सरकून पाहिलं. रंग ओला होता, लाल अक्षरं चकाकत होती. देवकाबाई भिंतीसमोर उभी राहिली. तिला त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं. तिने प्राध्यापकांना विचारलं, "वाचून दाखवता काय जी?"

प्राध्यापकांनी घसा साफ केला. सभेत वाचावं तशा आवाजात त्यांनी वाचलं, "शंका आली की आधी यंत्र थांबवा, मग विचारा. देवका श्रीराम वानखडे."

देवकाबाईने पदराने भुवयांवरची रुई पुसली.

"आखीन एक डाव वाचा," ती म्हणाली.